आठ वर्षांनी परत पळायला लागलेय, दोनदा नडगीनं अडवलं. आधी सायकल की आधी पळणं?

कृष्णाकाठ_सातारा
12 ऑक्टोबर 2025

नमस्कार मंडळी.

वय 47, बँकेत नोकरी, राहायला साताऱ्यात. 2014, 2016 आणि 2017 अशी तीन वर्षं मी सातारा हिल हाफ मॅरेथॉन पळले. ज्यांनी तो रस्ता पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगते, एकूण 21.1 किलोमीटर. समर्थ मंदिर मागे पडलं की यवतेश्वरचा घाट लागतो आणि पहिली अर्धी शर्यत जवळजवळ सगळी चढणीची, मग त्याच रस्त्यानं खाली. 2017 ला मला 2 तास 31 मिनिटं लागली. उतरून गावात शिरताना माझा मुलगा, तेव्हा सहावीत होता, शाळेच्या बुटांनी माझ्याबरोबर शंभरेक पावलं पळाला होता.

2018 ला लातूरला बदली झाली. मग सासऱ्यांचं आजारपण, मग करोना, मग आणखी एक बदली. पळणं एका दिवसात सुटलं नाही, आठवड्याला चार दिवसांचं दोन झालं, मग रविवारचं, मग बूट माळ्यावर गेले. यंदा जूनमध्ये साताऱ्यात परत आले. तपासणीत बीपी 142/90 निघालं. ईसीजी आणि ट्रेडमिल टेस्ट व्यवस्थित आहेत. डॉक्टर म्हणाले, मीठ कमी करा, नियमित व्यायाम करा, तीन महिन्यांनी गोळीचं बघू.

जुलैत सुरुवात केली. माळ्यावरचे बूट काढले तर फाटकापाशीच डाव्या बुटाचा सोल निघून हातात आला. रबर वापरलं नाही तरी नुसतं ठेवून कुजतं हे मला माहीत नव्हतं. नवे बूट घेतले आणि पहिल्याच दिवशी न थांबता चार किलोमीटर पळाले. दम लागला, पण पळाले. इतका आनंद झाला की दुसऱ्या दिवशी परत गेले, तिसऱ्या दिवशीही. दहाव्या दिवशी नडगीच्या आतल्या बाजूला ठणका. तीन आठवडे बंद. ऑगस्टच्या शेवटी पुन्हा सुरू केलं, बाराव्या दिवशी तेच, त्याच जागी. यंदाची शर्यत रस्त्याच्या कडेला उभं राहून बघितली.

माझं कुठे चुकतं ते थोडं कळतंय. मनगटावरच्या घड्याळात किलोमीटर साडेसहा मिनिटांच्या वर गेला की पाय आपोआप उचलला जातो, कारण साडेसहा हा माझा आकडा होता. हळू पळायचं म्हणजे नेमकं किती हळू, हे शरीराला कसं सांगायचं ते कळत नाही.

दुसरं, घरात एक 21 गिअरची हायब्रिड सायकल आहे, 2013 ची. सात वर्षं जिन्याखाली उभी होती. चेन तांबूस झालीय, दोन्ही चाकं बसलीत. धाकटे दीर म्हणतात भंगारात घाला. माझा जीव होत नाही. तर आधी दोन-तीन महिने फक्त सायकल चालवून मग पळायला लागू, की दोन्ही एकदम? सकाळी साडेपाच ते पावणेसात एवढाच वेळ माझा आहे. सातला सासूबाईंचा चहा आणि गोळ्या, सव्वानऊला बँक.

बीपीची गोळी टाळता आली तर हवीच आहे. पण मला तो घाट परत पळायचा आहे, हे इथे स्पष्टच लिहिते, कारण घरी म्हटलं की "आता कशाला" असं येतं.

---

खिंडीतला_वारा
12 ऑक्टोबर 2025

ताई, मी पण साताऱ्याचाच. वय 63, एसटीच्या वर्कशॉपातून निवृत्त.

2016 ला शिडीवरनं पडून माझा घोटा मोडला, सहा आठवडे प्लास्टर. प्लास्टर निघाल्यावर मी बी तुमच्यासारखंच केलं आणि घोटा परत सुजवून घेतला. मग खांबावर आलो. रस्त्याच्या दिव्यांचे खांब. आपल्याकडं खांबाखांबात साधारण तीस मीटर असतात. चार खांब पळायचं, चार खांब चालायचं. चार खांब म्हणजे हळू पळून जेमतेम एक मिनिट. असं वीस मिनिटं, आणि घरी. घड्याळ घरी ठेवा, खांब मोजा.

हळू म्हणजे किती ते सांगतो. पळता पळता तेराचा पाढा म्हणायचा, मोठ्यानं. तेरा एके तेरा, तेरा दुणे सव्वीस. तेरा पाचे पासष्टपर्यंत एका लयीत, मधेच श्वास न तुटता जायला पाहिजे. तेरा त्रिकलाच दम तुटला तर तुम्ही जोरात पळताय. मला पहिले दोन आठवडे तेरा चोकच्या पुढं जाता आलं नव्हतं, आणि मी हळू पळतोय असं मला वाटत होतं.

एक गोष्ट मात्र पाळा. ज्या दिवशी पाचवा खांब पळावासा वाटेल त्या दिवशीबी चौथ्यालाच थांबा. तो पाचवा खांबच नडगीत जातो.

---

पायडल_नाशिक
12 ऑक्टोबर 2025

ताई, सायकल भंगारात घालू नका. माझं मत विचाराल तर पळणं सोडूनच द्या आणि सायकलच धरा. नडगी दोनदा बोललीय, तिसऱ्यांदा कशाला बोलवायचं?

मी नाशिकचा. 2015 मध्ये आमच्या महाजन बंधूंनी रेस अक्रॉस अमेरिका पूर्ण केली, जवळपास 4,800 किलोमीटर, नऊ दिवसांच्या आत. तेव्हा शहरात सायकल घेणाऱ्यांची रांग लागली होती, त्यात मी होतो. दोन वर्षं चालवली, मग ती बाल्कनीत गेली आणि चार वर्षं तिच्यावर टॉवेल वाळत होते. 2021 ला पुन्हा काढली तेव्हा दुकानदारानं जे जे दाखवलं ते लिहितो.

सगळ्यात आधी टायर. हवा भरून बघू नका, आधी टायरची बाजू अंगठ्यानं दाबून वाकवा. बारीक भेगा दिसल्या की टायर गेला, मग तो हवा धरत असला तरी. उतारावर टायर फुटणं म्हणजे काय ते मी बघितलंय. ट्यूबही नव्याच घ्या. मग ब्रेकची रबरं: नख रुतत नसेल तर टणक झालीत, बदला. ती स्वस्त असतात. ब्रेकच्या आणि गिअरच्या केबल आतून गंजतात, बाहेरून कळत नाही. लिव्हर दाबून सोडल्यावर झटकन मागे येत नसेल तर केबल बदलायची. चेनसाठी फूटपट्टी घ्या, एका पिनेवर शून्य ठेवा, बारा इंचावर दुसरी पिन बरोबर आली पाहिजे. इंचाच्या सोळाव्या भागापेक्षा जास्त पुढे सरकली असेल तर चेन ताणलीय, नवी टाका. नुसता गंज असेल तर रॉकेल आणि जुना टूथब्रश पुरतो, नंतर तेल. दोन्ही चाकं उचलून फिरवा. रिम ब्रेकला घासत डुलत असेल तर दुकानात आउट काढून, म्हणजे चाक सरळ करून घ्या. हब (चाकाचा मधला भाग) आणि बॉटम ब्रॅकेट (पेडल ज्यावर फिरतात तो आस) यांचं ग्रीसिंग सांगा. एवढं केलं की 2013 ची सायकल अजून दहा वर्षं जाते.

हवा भरताना कॉम्प्रेसरवाल्याला "टाइट करा" म्हणू नका. टायरच्या बाजूवर पीएसआयचा आकडा छापलेला असतो, त्या मर्यादेत राहा, आणि खराब रस्त्याला मर्यादेच्या मधे.

सीटची उंची बहुतेक सगळ्यांची कमी असते, आणि गुडघे त्यानं दुखतात. भिंतीला धरून बसा, पेडल सगळ्यात खाली, त्यावर टाच. पाय सरळ झाला पाहिजे. मग पंजा ठेवलात की गुडघा आपोआप थोडा वाकतो. तेवढाच हवा.

जड गिअर घालून रेटू नका. उजवा गुडघा 15 सेकंदांत 20 वेळा वर आला म्हणजे मिनिटाला 80, ती लय धरा. पायांना हलकं आणि छातीला काम, असं वाटलं पाहिजे.

मी गेल्या वर्षी 200 किलोमीटरची बीआरएम केली, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची सायकलफेरी, साडेतेरा तासांची मुदत असते, मला 12 तास 40 मिनिटं लागली. गुडघा, नडगी, काही नाही दुखलं.

---

सांगलीची_फिजिओ
13 ऑक्टोबर 2025

पायडलदादा, सायकलीबद्दल लिहिलंत ते शंभर टक्के मान्य. पण "पळणं सोडून द्या" याला माझा विरोध आहे, आणि तो 47 वर्षांच्या बाईसाठी जास्तच आहे.

सायकलवर वजन सीट पेलते. म्हणून सांध्यांना सोपं जातं, आणि म्हणूनच हाडांना काम मिळत नाही. वर्षानुवर्षं फक्त रस्त्यावरची सायकल शर्यत करणाऱ्यांमध्ये हाडांची घनता कमी सापडते, हे आमच्या क्षेत्रात चांगलं ठाऊक आहे. पाळी जाण्याच्या सुमारास बाईच्या शरीरातलं इस्ट्रोजन उतरतं आणि हाडं झपाट्यानं विरळ होऊ लागतात. त्या वयात पायाखाली जमीन आपटायला हवी. थोडी, पण हवी.

आता कृष्णाकाठ, तुमचं. तुम्ही दहाव्या आणि बाराव्या दिवशी का थांबलात ते सांगते. हृदय आणि फुप्फुसं लवकर परत येतात, दोन-तीन आठवड्यांत फरक कळतो. तुम्ही पूर्वी पळलेल्या आहात, त्यामुळे तुमची तर आणखी लवकर. हाड आणि स्नायुबंध तसे नाहीत. हाडावर नवा भार आला की शरीर आधी जुना भाग खरवडून काढतं आणि मग नवा भरतं. खरवडायला दिवस लागतात, भरून पक्कं व्हायला महिने. त्यामुळे सुरुवातीच्या दोन ते चार आठवड्यांत नडगी आधीपेक्षा कमजोर असते. नेमकं तेव्हाच तुमची छाती म्हणते "जमतंय की, अजून एक किलोमीटर".

काकांचे खांब म्हणूनच बरोबर आहेत. मधे चालणं म्हणजे कमीपणा नव्हे. अमेरिकेचे जेफ गॅलोवे 1972 च्या म्युनिक ऑलिम्पिकमध्ये 10,000 मीटर पळाले होते, आणि त्यांनी अर्धं आयुष्य लोकांना पळता पळता चालायला शिकवलं.

पण आधी दोन गोष्टी सांगा. एक, बोटानं नडगीची आतली कड वरून खाली दाबत जा. दुखणं चार बोटं किंवा त्याहून लांब पट्ट्यात पसरलंय, की एकाच बोटाच्या टोकाएवढ्या जागेवर जीव जातो? दोन, रात्री झोपेत किंवा नुसतं बसल्यावर दुखतं का? एका जागेवर टोचणारं आणि विश्रांतीतही ठणकणारं दुखणं असेल तर ते हाडाला बारीक तडा जाण्याचं लक्षण असू शकतं, तेव्हा पळणं पूर्ण बंद आणि हाडांच्या डॉक्टरांना दाखवायचं. पहिल्या एक्स-रेमध्ये तो तडा बऱ्याचदा दिसत नाही, म्हणून "एक्स-रे नॉर्मल आहे" यावर खूश होऊन पळायला जाऊ नका.

---

लातूरची_लेक
13 ऑक्टोबर 2025

ताई, व्हिटॅमिन डी आणि हिमोग्लोबिन दोन्ही तपासून घ्या. मला वर्षभर वाटत होतं माझा स्टॅमिना गेला. पाळीत खूप जात होतं, त्या वयात होतं तसं. हिमोग्लोबिन 9.2 निघालं. गोळ्या सुरू केल्यावर दोन महिन्यांनी तोच जिना मी न थांबता चढले. मी तोवर स्वतःला आळशी म्हणत होते, त्याचं वाईट वाटतं.

---

कृष्णाकाठ_सातारा
14 ऑक्टोबर 2025

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री सासूबाई झोपल्यावर नडगी तपासली. दुखणं पट्ट्यात आहे, घोट्याच्या वर चार बोटांपासून पुढे वीतभर. रात्री दुखत नाही, बसून दुखत नाही. जिना उतरताना कळ येते.

फिजिओताई, तुमचं ते "आधी खरवडून काढतं" मी तीनदा वाचलं. मला वाटत होतं पाय म्हातारे झाले. ते काम करत होते आणि मी त्यांना वेळ देत नव्हते, हे कळल्यावर बरं वाटलं.

रक्त उद्या देते. सायकल शनिवारी दुकानात. आता पळू का?

---

सांगलीची_फिजिओ
14 ऑक्टोबर 2025

अजून नाही. जिना उतरताना कळ येणं थांबेपर्यंत फक्त सायकल आणि पोटऱ्यांचा व्यायाम. पायरीच्या कडेवर पंजे, कठड्याला धरून टाचा वर-खाली, सावकाश, पंधरा वेळा, तीनदा. हे गुडघा ताठ ठेवून आणि मग तेवढंच गुडघा किंचित वाकवून. वाकवून करता तेव्हा खोलातली पोटरी काम करते, आणि नडगीला खरा आधार तिचा. चहा उकळतोय तेवढ्यात होतं.

कळ गेली की सपाट चालणं अर्धा तास, सलग तीन वेळा न दुखता. मग काकांचे खांब, एक दिवसाआड, आठवड्यात तीनदा. मधल्या दिवसांपैकी दोन दिवस सायकल. एक दिवस काहीच नाही, खरंच काहीच नाही. घाट चढायला हरकत नाही, चालत. घाट पळत उतरायचा मात्र इतक्यात विचार करू नका, उतारावर प्रत्येक पावलाला पाय ब्रेक मारत असतो.

---

पायडल_नाशिक
14 ऑक्टोबर 2025

फिजिओताई, हाडांचं माझ्या लक्षात आलं नव्हतं. माझं शेवटचं पळणं कॉलेजात झालंय आणि मी 51 चा आहे. मीही उद्यापासून खांब मोजतो.

---

कृष्णाकाठ_सातारा
7 डिसेंबर 2025

मंडळी, जवळपास आठ आठवडे झाले, हिशेब द्यायला आले.

सायकलचं आधी सांगते. दोन्ही टायर गेलेलेच होते, भेगा अंगठ्यानं दिसल्या. टायर, ट्यूब, ब्रेकची रबरं, मागची केबल, ग्रीसिंग. चेन पट्टीवर बरोबर बसली, नुसता गंज होता. तो मी स्वतः घासला, एक पूर्ण दुपार. सीट दोन इंच वर गेली. इतकी वर्षं मी गुडघे पोटाशी घेऊन चालवत होते! पहिले दोन आठवडे फक्त संगम माहुलीपर्यंत जाऊन परत, बारा-तेरा किलोमीटर. अंधार असतो म्हणून मागे लाल दिवा आणि पुढे पांढरा, दोन्ही लावलेत. पुलावर कृष्णेचं धुकं इतकं खाली असतं की हँडलला दव धरतं.

दिवाळीत चार दिवस काहीच झालं नाही. पाहुणे होते. पूर्वी असा खंड पडला की मी पाचव्या दिवशी दुप्पट करायचे. यंदा पाचव्या दिवशी तिथूनच उचललं जिथे सोडलं होतं.

हिमोग्लोबिन 11.1, व्हिटॅमिन डी बरंच कमी. दोन्हींवर औषध सुरू आहे. लातूरच्या ताई, तुम्ही लिहिलं नसतं तर मी तपासलंच नसतं.

खांब 3 नोव्हेंबरला सुरू केले. पहिल्या दिवशी पाढा म्हणायला लाज वाटली, कचऱ्याची घंटागाडी शेजारून गेली तेव्हा गप्प झाले. पण तेरा त्रिकलाच दम तुटत होता, म्हणजे काकांचं खरं होतं. घड्याळ दुसऱ्या आठवड्यापासून घरी ठेवलं. पहिल्या आठवड्यात बोटांना सवय होती, सारखं मनगट वळवून बघत होते. आता सहा खांब पळते, तीन चालते, तीस मिनिटं. पाढा एकशे तीसपर्यंत जातो. मागच्या बुधवारी आठवा खांब पळायची फार इच्छा झाली. सहाव्याला थांबले.

नडगी: जिन्याची कळ ऑक्टोबरच्या शेवटी गेली. खांब सुरू केल्यापासून एकदाच, 19 नोव्हेंबरला, हलकं जाणवलं. त्या आठवड्यात पळण्याऐवजी सायकल काढली आणि ते गेलं. बीपी घरी आठवडाभर मोजलं, बहुतेक वेळा वरचं 130 ते 134 आणि खालचं 84 च्या आसपास. डॉक्टरांनी गोळी सुरू करणं तूर्त पुढे ढकललंय, फेब्रुवारीत परत बोलावलंय.

आज रविवार. यवतेश्वरचा घाट चालत चढून आले, मुलगा पुण्याहून आला होता, बरोबर होता. चढताना त्यालाच दम लागत होता. वर देवळापाशी बसून दोघांनी शेंगदाण्याचे लाडू खाल्ले. खाली येताना तो म्हणाला, "आई, इथून पळू की." फार वाटलं. चालतच उतरले.

एक प्रश्न उरलाय. सज्जनगडाच्या पायथ्यापर्यंत सायकल न्यायची आहे, जाऊन येऊन तीसेक किलोमीटर होतील, बोगद्यापलीकडे चढ-उतार आहेत. आत्तापर्यंत सलग सर्वांत जास्त अठरा झालेत. जानेवारीत जमेल?

---

पायडल_नाशिक
7 डिसेंबर 2025

जमेल. त्याआधी दोन रविवार बावीस आणि पंचवीस करा. दोन बाटल्या पाणी, एक जादा ट्यूब, हातपंप, आणि ट्यूब बदलायचा सराव घरी अंगणात दोनदा. पाणी तहान लागायच्या आधी पीत राहा. केळं तासाभरानं खा, पायथ्याला पोचल्यावर नव्हे.

माझे खांब: चार पळतो, चार चालतो, पाचवा आठवडा. पोटऱ्या पहिले दहा दिवस लाकडासारख्या झाल्या होत्या. 200 किलोमीटर सायकल चालवणाऱ्याच्या.

---

खिंडीतला_वारा
7 डिसेंबर 2025

ताई, सज्जनगडाच्या दिवशी सांगा. मी सायकल चालवत नाही, पण बोगद्यापाशी सकाळी उभा असतो. परतताना तिथं थांबा, थर्मासमध्ये चहा असतो.